शंभर शब्दांत परिचय

आयोजकांचा निरोप आलाय:
परिचय पाठवा, शंभर शब्दांत, सोबत फोटो,
हसरा असेल तर बरं.

लिहिते.
डॉ. नागमणी म्याकल. जन्म सोलापूर, भद्रावती पेठ,
पत्र्याखालच्या दोन खोल्या,
एप्रिलात माठातलं पाणीसुद्धा कोमट.
विषय: माणूस आणि यंत्र यांच्यामधली जागा.
विशेष अभ्यास: स्पर्शाला उत्तर देणारे पडदे.

इथवर खरंच आहे सगळं.

पण पहिला पडदा म्हणजे अम्माच्या मांडीवरचं सूप.
त्यात पाला, जर्दा, कात्री, दोऱ्याची गुंडी,
ज्याची त्याची जागा ठरलेली.
ती बघायची आमच्या पाटीकडे
आणि बोटं खाली आपापली विडी वळायची.
पुढे मी त्यावर अख्खं प्रकरण लिहिलं,
'नजरेवाचून होणारी कामं',
त्यात सूप हा शब्द कुठेच आला नाही.

शनिवारी ब्रँचला हिशेब.
चेकर कट्टा चिमटीत दाबून बघायचा
आणि म्हणायचा, छाट.
का, ते सांगायचा नाही.
घरी येऊन अम्मा स्वतःच्या बोटांना रागवायची, तेलुगूत.

म्हणून माझ्या प्रयोगशाळेत
'वापरणाऱ्याची चूक' असं कुणी लिहिलं
की मी ती ओळ खोडायची.
मुलांना वाटायचं, मॅडमचं काहीतरी तत्त्वज्ञान आहे.

मधली वर्षं भराभर सांगते.
पवई, मग फिनलंडातलं एक बर्फाचं गाव, मग बंगळूर.
भिंतीएवढा पडदा केला, बारा जणांनी एकदम हात लावावा असा.
एका संग्रहालयात तळं केलं,
हात फिरवला की मासे पळायचे.
उद्घाटनाला मंत्री आले,
त्यांनी बराच वेळ मासे पळवले.
एकेचाळीस शोधनिबंध.
माणसाचं सरासरी बोट किती, हे मी मोजलं होतं,
विशीतल्या विद्यार्थ्यांची बोटं घेऊन.

मग सिव्हिल हॉस्पिटल.
केसपेपरच्या रांगेसाठी माझं यंत्र,
चार भाषा बोलणारं, गुळगुळीत काचेचं.
पहिल्याच सकाळी विडी घरकुलातून आलेल्या राजव्वा गुर्रम.
त्यांनी बोट टेकवलं. काही नाही.
पुन्हा टेकवलं.
पदराला पुसून पुन्हा.
काचेला ते बोट कळतच नव्हतं,
चाळीस वर्षं पाला वळून कोरडं, तासलेलं,
पाल्याच्याच रंगाचं.
मागून कुणीतरी ओरडलं, अहो आजी, नीट दाबा की!
राजव्वा बोटाकडे बघून म्हणाल्या, "मेलंय हेच."

मी खांबाआड उभी, घड्याळ लावून.
सत्तावीस सेकंद.
वहीत यंत्राच्या नावापुढे लिहिलं: छाट.

काच काढली.
अक्कलकोट रोडला शब्बीर नदाफ, लूमचा फिटर,
त्याने भंगारातल्या लूमची चार हिरवी बटणं बसवली,
वर एक लाल.
दाबलं की खट्ट.
म्हणाला, "मॅडम, एवढ्यासाठी डॉक्टर व्हावं लागतंय व्हय?"
यावर लिहिलेला निबंध परत आला,
शेरा: नावीन्याचा अभाव.
बटणं अजून चालू आहेत. लाल एकदा बदललं.

शंभर शब्द केव्हाच संपले.
तुम्ही जन्मगाव तेवढं ठेवा, बाकीचं कापा.

एक मात्र कुठेच लिहिलेलं नाही.
हवेतले हातवारे ओळखणारं यंत्र
मी सहा वर्षं शिकवत होते,
आणि त्याच काळात अम्मा अंथरुणाला खिळली.
रात्री तिचे हात चादरीवर उठायचे,
पान नाही, जर्दा नाही, दोरा नाही,
तरी वळायचे, तोंड मुडपायचे, बाजूला ठेवायचे.
कॅमेरा घरात होता. मी तो लावला नाही.
बसून मोजत राहिले.
पंचवीस झाल्या की तिच्या हातून कट्टा घेतल्यासारखं करायची,
दोरा बांधल्यासारखं,
आणि उशाशी ठेवायची.
तेवढ्याने ती झोपायची कधीकधी.